नगराळेभाऊंची तोफ

आमच्या शेजारच्या नगराळेभाऊंच्या मनगटावर घड्याळ आहे, भिंतीवर घड्याळ आहे आणि खिशात मोबाईल आहे. तरी किती वाजले असं विचारलं, की ते जिना चढून गच्चीवर जातात, एक डोळा मिटून कॅमेऱ्यात पाहतात आणि पांढरकवड्याच्या बस स्टँडवरचं घड्याळ वाचून खाली येतात. खाली येईपर्यंत वेळ बदललेली असते, आणि स्टँडवरचं घड्याळ तर मुळातच बंद असतं. हे मी त्यांना एकदा ऐकवलं. म्हणाले, "बंद हाय थे माहीत हाय मले, सिस्टर. पण काटा कसा साफ दिसून राह्यला!"

सिस्टर म्हणजे मी. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून जन्म काढला. रिटायर झाले तरी गाव मला सिस्टरच म्हणतं. टोचायची सवय हातातून गेली, जिभेतून गेली नाही, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं सांभाळून घ्या.

नगराळेभाऊ कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, धागा ओढून पाहायचा आणि प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. नोकरी संपली, प्रत ठरवणं संपलं नाही. चहा असो, पुढाऱ्याचं भाषण असो, लग्नातला नवरदेव असो, भाऊ मान तिरपी करून बघणार आणि शेरा मारणार. "ओलावा जास्त हाय," हा आवडता शेरा. माझ्या उपम्याला तो मिळाला तेव्हा मी म्हटलं, मग गच्चीवर वाळवून खा. कॉलनीतल्या एका जावयाला तर त्यांनी मांडवातच "वरून पांढरा, आतून कवडी" म्हटलं होतं. कवडी म्हणजे किडीनं डागाळलेला कापूस. जावई शेती खात्यात होता, त्याला बरोबर कळलं. पुढे पंगतीत भाऊंच्या पानात जिलबी काही आली नाही.

रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात किंवा गुडघे बदलून घेतात. भाऊंनी लेन्स घेतली. चांगली हातभर लांब, काळी, दीडशेपासून सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ बघायला नागपूर-पुण्याहून जी मंडळी येतात त्यांच्याकडच्या लेन्सच्या किमतीत आमच्याकडे घर होतं. भाऊंची त्यातली स्वस्तातली. "गरिबाची तोफ हाय," ते छाती काढून सांगतात, "पण मारा तेवढाच." त्या दिवसापासून कॉलनीत त्यांचं नाव तोफवाले पडलं.

स्वस्तातल्या तोफेची एक गोम असते. तिच्यात उजेड कमी शिरतो. ऊन चांगलं असलं तर फोटो चांगला, सावली आली की सगळा काला. आता वाघ हा प्राणी निघतो पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. म्हणजे वाघाची रात्रपाळी आणि लेन्सची दिवसपाळी. दोघांची गाठ पडणार कशी? दुपारी पडली असती, पण आमच्याकडे दुपारी जमिनीतून अशा वाफा निघतात, की झाडसुद्धा फोटोत हलताना दिसतं. तरी एकदा भाऊंनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाघ टाकलाच. खाली कोणीतरी विचारलं, "भाऊ, गोधडी कोठी वाळू घातली?" भाऊ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी फोटो नीट पाहिला. जन्मभर एक्स-रे पाहिलेत मी, पण वाघ कुठून सुरू होतो ते मलाही सापडलं नाही.

ही लेन्स हातात धरली की थरथरते, म्हणून खाली भरलेली पिशवी ठेवतात. कोणी त्यात वाळू भरतं, कोणी तांदूळ. भाऊ कापसातला माणूस, त्यांनी सरकी भरली. एका बांधावर नीलपंख टिपायला ते दम धरून बसले असताना मागून एक म्हैस आली आणि पिशवीला तोंड लावून सरकी खाऊ लागली. जनावराला चाहूल लागू द्यायची नाही हा भाऊंचा नियम, तो त्यांनी म्हशीच्या बाबतीतही पाळला. लेन्स हळूहळू खाली बसत गेली. फोटो मी पाहिलेत. पहिल्यात पक्षी आहे, मग फांदी, मग खोड, आणि शेवटच्या दोनांत माती.

घाटंजीकडचा प्रकार याहून वरताण. शिकारी लोक हिरवे-चट्टेरी कपडे घालतात, पण फुटलेल्या कापसात हिरवा माणूस उठून दिसणार, असा शुद्ध तर्क करून भाऊंनी पांढरी चादर पांघरली आणि एका शेतात बसले. वेचायला आलेल्या बायांपुढे कापसातून एक पांढरं काहीतरी उभं राहिलं. बाया किंचाळत पळाल्या. थोड्या वेळानं विळे घेऊन परत आल्या. भाऊ हात वर करून ओरडले, "भिऊ नका! मी नगराळे, ग्रेडर हाय!" भुताला एकवेळ त्यांनी सोडलं असतं. ग्रेडर म्हटल्यावर त्या जास्तच चिडल्या.

असे हे भाऊ. मला त्यांचं हसू येतं तसा रागही येतो, आणि राग जुना आहे.

त्यांची एकच मुलगी, सुजाता. तिची आई माझी मैत्रीण. ती पोरीचं लग्न न पाहताच गेली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापूसवाल्याच्या घरात पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं. अळी, भाव, पाऊस, दर वर्षी काहीतरी नवं. शेती कितीही असू दे, स्थळ शिपायाचं चालेल पण कापसाचं नको, अशी हवा होती. आणि सुजातानं नेमकं मारेगावकडच्या एका कापूसवाल्याशी लग्न ठरवलं. मुलगा भला, घर हसतंखेळतं, समाज एकच. पण भाऊ अडले. "जनमभर कापूस पाह्यला म्या. त्याच्यात काय असते थे मले सांगता? आता पोरगी त्याच्यात टाकू?" सुजाता म्हणाली, "मले पटला हाय, बाबा." लग्न विहारात झालं. त्रिशरणाला मुलीच्या बाजूनं मी उभी होते. भाऊ गच्चीवर बसून राहिले. "तुह्या उंबरठ्यावर पाय ठेवणार नाई," असं ते तिला बोलून बसले होते, आणि बोललेला शब्द भाऊ मोडत नाहीत. मोडायला अक्कल लागते, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

सुजाताचा मला वर्षाकाठी एखाद-दोनदा फोन यायचा. "काकू, बाबा जेवतात ना?" एवढं विचारायची. पोरगी झाली तेही मीच भाऊंना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि लेन्स पुसायला घेतली.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मला भाचीकडे बारशाला मारेगावला जायचं होतं. एसटी चुकली. भाऊ दर रविवारी स्कूटर काढून "मारेगाव साईडले पक्षी चांगले हायेत" म्हणून जातात, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक. मी पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसले.

"सिस्टर, मी सिधा नाई जात. मधात एका नाल्यावर थांबतो."

"थांबा. मीबी पाहीन पक्षी."

त्यांचा चेहरा पडला, पण शेजारीण एकदा बसली म्हणजे बसली. करंजीच्या पुढे एका कच्च्या वाटेनं त्यांनी स्कूटर आत घातली. कोरडा नाला होता. अलीकडे बोरीचं झाड, पलीकडे शेत, फुटलेला कापूस आणि शेतातच बांधलेलं एक घर. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. भाऊंनी सीटवर पिशवी ठेवली, पिशवीवर तोफ ठेवली आणि डोळा लावला. तोफेचं तोंड घराकडे.

मी झाडं पाहिली, तारा पाहिल्या. चिमणीसुद्धा नव्हती.

"कोणता पक्षी हाय जी?"

"चूप राहा, सिस्टर. जनावराले आपली चाहूल लागते."

पलीकडे अंगणात एक बाई बाज घेऊन बाहेर आली. बाजेवर तिनं एका पोरीला उभं केलं. पिवळा फ्रॉक, तेल लावून चापून विंचरलेले केस. बाई मागे जाऊन दगडावर धुणं धुऊ लागली. थोड्या वेळानं बाजेवर निंबाची सावली आली. बाई ओल्या हातांनी उठली, पोरीसकट बाज उन्हात ओढली आणि पोरीचं तोंड आमच्याकडे वळवलं. मग ती दगडाकडे परत गेली. त्या चालण्यावरून मी ओळखलं. तिची आई अशीच एक खांदा पाडून चालायची.

म्हणजे हा माणूस चाहूल लागू नये म्हणून श्वास धरून बसलाय, आणि तिकडे त्याची पोर त्याच्यासाठी आपल्या मुलीला नटवून उन्हात उभी करते आहे. किती रविवार चाललं होतं हे कोण जाणे. मला रडू आलं आणि संताप आला. दोन्ही एकदम आले की माझा आवाज चढतो.

"नगराळेभाऊ! थे सुजाता हाय ना?"

त्यांनी डोळा काढला नाही. "उंबरठा तिकडं हाय. म्या वलांडला काय?"

"आन् हे तोफ यासाठी घेतली?"

"चारशेची घेणार होतो. इथून चारशेत भागत नव्हतं."

माझा आवाज नाला ओलांडून गेला असणार. सुजाता उभी राहिली, घरात गेली, आणि जरा वेळानं पोरगी थर्मास आणि कपबशांची पिशवी घेऊन नाल्यात उतरताना दिसली. भाऊ तिला लेन्समधूनच पाहत होते. ती जवळ येत गेली तशी लेन्स आतल्या आत घरघर करून पुढेमागे होऊ लागली. फार जवळचं त्या लेन्सला दिसतच नाही. पोरगी पुढ्यात येऊन उभी राहिली तरी भाऊंचा डोळा तिथेच. काय दिसत होतं त्यात? काही नाही. पण वर पाहायला धीर लागतो.

"आजोबा, चहा आणला," पोरगी म्हणाली. "आई म्हणे आज दोघं हायेत, तं दोन कप ने. आता माह्ये फोटो दाखवा. दर आयतवारी आई मले उभी ठेवते."

भाऊंनी कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडे वळवला. बटण पोरीनंच दाबलं. आजकालच्या पोरांना शिकवावं लागत नाही. मी मागून वाकून पाहू लागले.

या लेन्सचं असं असतं, की एवढ्या लांबून एका वेळी एकच माणूस साफ येतं. पुढचं-मागचं सगळं विरघळून जातं. पहिल्या फोटोत पुढे एक पिवळा डाग होता आणि मागे सुजाता कपडे पिळत होती. मनगटावरची शीर दिसत होती. दुसऱ्यात पिवळा डाग आणि घाम पुसणारी सुजाता. मग हसणारी. मग कमरेवर हात ठेवून कुठेतरी पाहणारी. मग कानाजवळचे पांढरे झालेले चार केस. उन्हाळ्यातली, पावसाळ्यातली, सगळी सुजाता.

"हे पिवळं काय हाय?" पोरीनं विचारलं.

"थे तू," भाऊ म्हणाले.

"मंग आई काहून साफ हाय?"

भाऊंनी कॅमेरा बंद केला. मग पोरीला नाही, मला म्हणाले, "नातीचं काय, सिस्टर, उड्या मारते, खुश हाय, दिसतेच. माह्यी पोरगी कशी हाय, थे पाहाचं होतं मले. खाते काय, थकते काय. थे तुमच्या फोनवर कळत नाई."

सुजाताला वाटत होतं बाबा नातीसाठी येतात, आणि त्या आशेवर ती पोरीला पुढे करत होती. आणि हा माणूस नातीच्या डोक्यावरून तिलाच बघत बसला होता.

पोरगी मात्र भयंकर चिडली. थर्मास तिथेच टाकून ती नाल्यात धावली आणि धावता धावता सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली, "आई! आजोबानं माह्या एकबी फोटो नाई काढला! सारे तुह्येच हायेत! सारे तुह्येच!"

अंगणात सुजाताच्या हातातलं पिळलेलं लुगडं तसंच राहिलं. मग ती बाजेवर बसली. पदर तोंडाला लावून बसली. आम्ही इकडे चहा ओतून घेतला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. कप रिकामे झाले.

मग पलीकडून आवाज आला. घोगरा, पण मोठा.

"बाबा, कपबशा पोरीजवळ देऊ नका, थे फोडते. तुमीच आणून द्या."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम बोरीकडे पाहत राहिले. त्यांनी दोन्ही कप थर्मासमधल्या उरल्या चहानं विसळले, शर्टाच्या टोकानं पुसले, एकावर एक बशा रचल्या. मग सीटवरची तोफ उचलून माझ्या हातात दिली. "धरा जरा, सिस्टर," म्हणाले, आणि दोन्ही हातांत कपबशा सांभाळत नाल्यात उतरले.

लेन्स चांगलीच जड होती. डोळा लावून पाहावं असं मला फार वाटलं. माझा स्वभाव तुम्हाला आता माहीत झाला आहे. पण मी ती मांडीवर उलटी ठेवली आणि नाल्याकडे पाठ करून बसले. बारशाला पोचेपर्यंत बाळाचं नाव ठेवून झालं होतं.