बाबा आत्ताच आत गेले

घरात माणसं तीन आणि बाथरूम एक. यात अवघड असं काहीच नव्हतं. अवघड होते ते बाबा. हेडमास्तर म्हणून रिटायर झाल्यापासून त्यांनी सकाळच्या वेळी बाथरूम पार ताब्यात घेतलं होतं. बाहेरून दार वाजवलं, की आतून "प्रगती आहे!" एवढंच उत्तर यायचं. कसली प्रगती, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्या आठवड्यात मात्र प्रकरण गळ्याशी आलं. सूनबाई ज्या लायब्ररीत इतकी वर्षं राबत होती, तिथलंच मुख्य ग्रंथपालाचं पद रिकामं झालं होतं. गुरुवारी मुलाखत, आणि तीही सकाळी पहिलीच.

"त्या दिवशी मला उशीर झाला ना," ती नवऱ्याला म्हणाली, "तर तुम्हा बापलेकांशी मी बोलायचीच नाही. सांगून ठेवते."

नवरा प्रोग्रामर. वडिलांना तोंडावर काही सांगायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसायची, म्हणून त्याने यंत्र बनवलं. बाथरूमच्या दाराला एक डबी, डबीवर छोटा स्क्रीन. आतून कडी लागली की यंत्राने ती वेळ ध्यानात ठेवायची. मग दर मिनिटाला आत्ताची वेळ विचारायची आणि दोन्हींतला फरक स्क्रीनवर दाखवायचा. फरक पंधरा मिनिटांवर गेला की घंटा. सगळा प्रोग्राम त्याने सी भाषेत एका बैठकीत लिहिला, स्वतः आत जाऊन कडी लावली आणि ओरडला, "काय दिसतंय?"

"शून्य मिनिटं."

"बरोब्बर!" म्हणत तो बाहेर आला. झाली तपासणी.

बाबा भडकतील अशी त्याला धास्ती होती. पण त्यांनी डबी खालून-वरून न्याहाळली आणि मान डोलावली. "उत्तम. माझ्यावर नुसते आरोप होतात. आता पुरावा राहील."

गुरुवारी सूनबाई टॉवेल घेऊन आली, तर दार बंद. स्क्रीनवर शून्य मिनिटं. आत्ताच गेलेत वाटतं, असं म्हणून तिने कपड्यांना इस्त्री करून घेतली. परत आली. शून्य मिनिटं. सर्टिफिकिटं लावून पिशवीत भरली. शून्य मिनिटं.

"अहो महाराज!" तिने नवऱ्याला हाक मारली. "बाबा एका सकाळी कितीदा आत्ताच जातात?"

नवरा चहाचा कप घेऊन धावला. "बाबा, बराच वेळ झाला हो!"

"स्क्रीनवर काय आहे?" आतून आवाज आला.

"शून्य."

"मग? डबी कुणी बनवली? मी?"

"पण हिची इस्त्रीसुद्धा झाली!"

"इस्त्री हा पुरावा नव्हे. प्रगती आहे!"

सूनबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याचा चहा जागच्या जागी गार झाला. "ऑफिसातही असलीच कामं करतोस का रे?" एवढंच म्हणाली आणि टॉवेल खांद्यावर टाकून तरातरा वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली. तिथेही बाथरूममध्ये काका होतेच. पण काकू प्रोग्राम वगैरेंच्या भानगडीत पडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी काकांना अर्ध्या दाढीनिशी बाहेर काढलं आणि सूनबाईला आत ढकललं. तिथे गरम पाणी संपलेलं, हा पुढचा भोग.

इकडे प्रोग्रामर दाराबाहेर जमिनीवर लॅपटॉप उघडून बसला आणि थोड्याच वेळात त्याने कपाळाला हात लावला. सी भाषेत त्याने ज्या पद्धतीने वेळ विचारली होती, तिच्यात उत्तर हातात मिळतच नाही. यंत्र एका पाटीवर वेळ लिहितं आणि पाटीकडे बोट दाखवतं. पाटी सगळ्या वेळांना मिळून एकच. कडी लागल्याची वेळ या पठ्ठ्याने उतरवून घेतलीच नव्हती, नुसतं 'तिथे लिहिलंय' एवढं लक्षात ठेवलं होतं. मिनिटभराने आत्ताची वेळ विचारली, की जुनी पुसून नवी त्याच पाटीवर यायची. मग पाटीची तुलना त्याच पाटीशी! बाबा वर्षभर आत बसले असते, तरी ते आत्ताच गेलेले राहिले असते. आणि 'वेळ विचारताना आपली पाटी आपण न्या, त्यातच सुरक्षितता आहे' हे ऑफिसातल्या नव्या पोरांना घसा कोरडा करून सांगणारा हाच! त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने दोन्ही वेळांना स्वतंत्र पाट्या दिल्या आणि गुपचूप लॅपटॉप मिटला.

सूनबाई संध्याकाळी पेढ्यासारखं गोड हसत घरी आली. "मिळालं! गार पाण्याने डोकं असं काही चाललं म्हणून सांगू! आणि ड्यूटी दुपारची. आता सकाळी घाई म्हणून नाही."

तिघंही मनापासून खूष झाले.

दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं होताच घंटा खणखणली आणि त्याच क्षणी बाबा बाहेर. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. आता त्यांच्यापुढे अख्खी सकाळ मोकळी होती. ते थेट स्वयंपाकघरात सूनबाईकडे गेले. गॅस मोठा आहे. बटाट्याच्या फोडी सारख्या नाहीत. मीठ आधी घालायला हवं होतं. तिथलं आटोपून ते घरूनच काम करणाऱ्या मुलाच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि त्याची मीटिंग चालू असताना म्हणाले, "पाठ सरळ!" मीटिंगमधले सगळेच सरळ बसले.

रविवारी दुपारी, बाबा जरा आडवे झाल्यावर, सूनबाई नवऱ्याजवळ येऊन बसली.

"ऐक ना. ते आधीचंच परत घाल."

"अगं, ती चूक आहे! धडधडीत चूक!"

"असू दे. आपल्या तिघांना मानवली होती."

ऑफिसात लोकांच्या चुका काढून ज्याचं नाव झालं होतं, त्याने दोन्ही पाट्या काढल्या आणि पुन्हा एकच ठेवली. पण मन मानेना. उद्या कुणी हा प्रोग्राम उघडला तर काय म्हणेल? म्हणून त्याने त्या ओळीच्या वर टीप लिहिली : 'ही चूक आहे हे मला ठाऊक आहे.'

"पुढे लिही," सूनबाई खांद्यावरून वाचत म्हणाली, "कुणी दुरुस्त केली, तर गाठ माझ्याशी आहे."

त्याने निमूटपणे तेही लिहिलं.