अठ्ठावन्न किलोचा बैल

घरात एखादी वस्तू लपवायची असेल तर जिथे कुणी हात लावत नाही तिथे ती ठेवावी, एवढं साधं शहाणपण तेजस्विनीकडे होतं. (एम.एस्सी. झालेल्या बाईकडे तेवढं असायला हरकत नाही.) मोशीच्या त्या तीनमजली बंगल्यात अशी जागा एकच होती: फ्रिजच्या तळाशी ठेवलेला, बैलाच्या औषधांचा निळा डबा.

जमीन कंपनीला गेली, बंगला झाला, दारात गाडी आली. पण सासरे लक्ष्मणराव ऊर्फ अण्णा यांनी मागचा गोठा आणि त्यातला पाखऱ्या काही सोडला नाही. पाखऱ्या एके काळी घाटात बैलगाड्यांच्या शर्यती मारायचा. आता म्हातारपणी नुसता मान खायचा. त्याचा खुराक वेगळा, मालिश वेगळं, फ्रिजमधला डबा वेगळा. त्या डब्याला सासूबाईसुद्धा हात लावत नसत, आणि त्या कशाला हात लावत नाहीत असं या घरात दुसरं काहीच नव्हतं.

तर लपवायचं काय होतं? तारुण्य.

समोरच्या मोनिकाने तिला निगडी प्राधिकरणातल्या एका क्लिनिकात नेलं होतं. आपल्या पेशींमधलं इंधन म्हणे वयाबरोबर आटत जातं. ते सुईवाटे परत भरायचं, की माणूस पुन्हा टवटवीत. "मॅम, तुमच्या पेशींची बॅटरी फारच लो आहे," तिथली मुलगी म्हणाली. हे कळायला तेजस्विनीला क्लिनिकची गरज नव्हती. पणजी चिमाबाईंच्या नावावरून जिचं नाव पडलं ती दोन वर्षांची चिमी, अख्खी मोशी उठायला लागली की झोपायची. शिवाय ती झाली तेव्हा तेजस्विनीची पस्तिशी उलटली होती. चिमीच्या लग्नात आपण धावपळ करत असू, की पहिल्या रांगेत खुर्चीवर शाल पांघरून बसवलेल्या असू? या एका चित्राने तिची झोप उडायची. (चिमीने थोडी शिल्लक ठेवलेली असली तर.)

या औषधाचे पुरावे अजून तोकडे आहेत, हेही तिने मोबाइलवर वाचलं. मग समोरच्या आरशात पाहिलं आणि मोबाइल बंद केला.

क्लिनिकने औषधाची बाटली दिली, बारीक सुया दिल्या, इन्सुलिनसारखं पोटावर कसं टोचायचं ते शिकवलं. प्रश्न होता सासूबाईंचा. "आमी चार बाळंतपणं काढली, वर खुरपायला गेलो, आमाला न्हाई लागली सुई!" असं शालनबाई म्हणाल्या नव्हत्या, पण तेजस्विनीला त्यांचे न बोललेले टोमणेही स्पष्ट ऐकू यायचे. म्हणून तिने बाटली कोमट पाण्यात भिजवली, नखाने लेबल खरवडून काढलं आणि बाटली बैलाच्या डब्यात ठेवून दिली. पुरावा नष्ट!

दोन दिवसांनी, धीर एकवटून, तिने डब्यातली बिनलेबलची बाटली काढली आणि बाथरूममध्ये सुई टोचली. बाहेरून चिमी दार बडवत होती, "आई, काय कलते?"

"तरुण होते गं," आई म्हणाली.

औषध पिवळसर होतं. सोनेरीच की, तिला वाटलं.

आणि काय सांगावं! तासाभरात पेशी खडबडून जाग्या झाल्या. तिने पडदे धुतले, माळा आवरला, चिमीला पाठीवर घेऊन घोडा घोडा केला. दुसऱ्या शिफ्टला चाकणला निघालेला नवरा रणजीत दारात थबकला. "आज कुणी पाहुणे येणारेत का?" त्याने घाबरून विचारलं.

दुपारी मागच्या दारात कोंडाजी उभा राहिला. पाखऱ्याचं सगळं हाच बघायचा.

"वैनी, अण्णा कुठंयत? पाखऱ्या कालपासनं बसून हाय. सुई दिली तवापासनं डोळंच उघडंना."

"कसली सुई?"

"टॉनिकची. डब्यात दोन बाटल्या व्हत्या, दोन्हीवर कागद न्हाई. एकीचा ओलीनं गळाला असंल, दुसरीचं देव जाणे. मी आपली पान्यावानी सोच्छ दिसली ती घेतली. समदी दिली. एवढ्याशानं काय व्हतंय त्याला?"

तेजस्विनीने दाराची चौकट धरली. म्हणजे पाखऱ्याच्या अंगात निगडी प्राधिकरण गेलं, आणि आपल्या अंगात...

तिचा हात आपोआप कपाळावर गेला. शिंगं नव्हती. अजून तरी.

गुरांचे डॉक्टर धनेश यांचा नंबर फ्रिजवरच चिकटवलेला होता. तिने चिमीला काखेत मारलं, मोरीत शिरली आणि आवाज बदलून फोन लावला.

"डॉक्टर, मोशीहून बोलतेय, अण्णांच्या घरून. मोठ्या बैलाचं पिवळं टॉनिक चुकून लहान बैलाला गेलंय."

"लहान म्हणजे किती? वजन सांगा."

"अठ्ठावन्न किलो."

"बाई, बैल आहे की बोकड?"

"थोडा... बारीक आहे."

"दात किती?"

"अठ्ठावीस. अक्कलदाढा काढल्यात."

"बैलाच्या?"

"आधीच्या मालकाने काढल्या असतील," तेजस्विनी घाईने म्हणाली.

"बरं. खातो का नीट?"

"खातो, पण उभ्याउभ्या. सगळ्यांचं झाल्यावर. उरलेलं."

"झोप?"

"झोपच नाही हो डॉक्टर!" इथे तिचा मूळ आवाज फुटला. "वासरू झोपूच देत नाही! सारखं अंगावर! जरा डोळा लागला की केस ओढतं!"

"बैलाला वासरू?"

"शेजारचं आहे," तेजस्विनी म्हणाली आणि चिमी नेमकी तेव्हाच ओरडली, "आई, शू!"

डॉक्टर म्हणाले, "टॉनिकचं घाबरू नका, साधं जीवनसत्त्व आहे. पण त्या बैलाची दया येते मला. गूळ-पाणी द्या, वासरू वेगळं बांधा आणि चार दिवस कामाला जुंपू नका."

तेजस्विनी हुश्श करून बाहेर आली, तर अंगणात अण्णांचा फोन वाजत होता. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक फोन अर्ध्या मोशीला ऐकू जातो.

"अण्णा," स्पीकरवरून डॉक्टर धनेश गरजले, "हा अठ्ठावन्न किलोचा बैल कुठून आणलात? उपाशी ठेवता म्हणे त्याला! आणि वासराला शू लागलीय, ते बघा आधी."

अण्णांनी गोठ्याकडे पाहिलं. कोंडाजीने अण्णांकडे पाहिलं. शालनबाईंनी मात्र थेट सुनेकडे पाहिलं.

तेजस्विनीने सगळं सांगून टाकलं. लेबल, सुई, चिमीचं लग्न, खुर्ची, शाल. सांगता सांगता रडू आलं. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजी," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "पाखऱ्याला बायामानसांचं औषध गेलं?"

"अण्णा, दर्यात खसखस!" फोन चालूच होता. "त्याला काही होत नाही. म्हातारा झालाय, दमला असेल. बाईंना मात्र माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

माणसांच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि हकिगत ऐकून ते इतके हसले की पाणी त्यांनाच द्यावं लागलं. "काही झालेलं नाही," ते डोळे पुसत म्हणाले, "पण यापुढे लेबलं काढू नका."

घरी आल्यावर तेजस्विनी टोमण्याची वाट बघत उभी राहिली. शालनबाईंनी तिच्या हातात गूळ-पाण्याचा तांब्या दिला आणि चिमीला कडेवर घेतलं.

"वासरू वेगळं बांधा म्हनलाय न्हवं डाक्टर? मंग? जा, पड. सांगायचं व्हतं की गं, झोप न्हाई म्हनून. मला का सपान पडतंय?"

तेजस्विनी पडली ती पडलीच. रणजीत शिफ्टवरून आला तेव्हा शालनबाईंनी त्याला दारातच अडवलं. "बसून हाय. उठवू नगंस. चार दिस जुंपायचं न्हाई."

चार दिवसांचं शालनबाईंनी परस्पर आठ केले. नवव्या सकाळी तेजस्विनी न्हाऊन, केस मोकळे सोडून मागच्या अंगणात, गोठ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. मागच्या दारातून कोंडाजी तिच्या दिशेने बघतच राहिला.

"आयला, काय तेज आलंय!" तो भारावून म्हणाला. "पाच-सहा वर्सांनी ल्हान दिसतंय की!"

"काहीतरीच हं, कोंडाजी," तेजस्विनी लाजली आणि तिने बट कानामागे सारली.

"न्हाई, खरंच. वैनी, जरा बाजूला सरता का? माज्या मागनं अण्णा यायलेत, तुमच्यामुळं त्यांना पाखऱ्या दिसंना." ती सरकली. तिच्या मागे गोठ्यात पाखऱ्या तुकतुकीत उभा राहून खुरांनी माती उकरत होता. कोंडाजीने आवाज खाली आणला. "आन् ती निगडीची बाटली अजून एक मिळंल का? तुमाला काय, गूळ-पानीबी चालतंय."