फोटोवाल्यांचा डावा डोळा

मुलाच्या आईनं नववा अल्बम मिटला, बाजूला ठेवला आणि फोटोवाल्यांच्या बायकोचा हात हातात घेतला.

"एकटीनं सगळं निभावलंत," ती हळूच म्हणाली. "सोपं नसतं ते. किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"त्यांना... जाऊन."

बायको म्हणाली, जाऊन कुठे, हे काय इथेच आहेत. आणि तिनं खिडकीकडे बोट केलं. खिडकीपाशी एक गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून, एक गुडघा जमिनीला टेकवून मुलाच्या वडिलांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगत होते. मुलाकडची मंडळी गेला अर्धा तास त्यांना भाड्यानं आणलेला फोटोग्राफर समजत होती. समजतील नाही तर काय करतील? दार उघडल्या उघडल्या 'या, बसा' राहिलं बाजूला, गृहस्थांनी सगळ्यांना दारातच थोपवलं होतं. का, तर तिथे उजेड चांगला पडतो म्हणून.

शिवाय अल्बम होतेच साक्षीला. लेकीचा पहिला वाढदिवस होता, शाळेचा पहिला दिवस होता, समुद्रकिनारा होता, आजीची पंच्याहत्तरी होती. आई, आजी, मामा, मावशी सगळे होते. शेजाऱ्यांचं मांजरसुद्धा तीन ठिकाणी होतं. बाप मात्र कुठेच नव्हता. नाही म्हणायला समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत त्याची सावली पडली होती आणि एका वाढदिवसाच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आला होता.

खुलासा झाल्यावर मुलाचे वडील हसले, लेक हसली आणि फोटोवाले तर पोट धरून हसले. बायको हसली नाही. पाहुणे गेल्यावर तिनं नऊही अल्बम पहिल्यापासून चाळले. मग म्हणाली, की लग्नात घरच्यांचा जो मोठा फोटो निघेल, त्यात तुम्ही बसायचं. माझ्या शेजारी, खुर्चीवर, रिकाम्या हातांनी.

"अगं, पण मग काढणार कोण?"

"ते मला नका विचारू. तुम्ही नसलात तर मीही नसेन. लेकीच्या लग्नाच्या फोटोत आईबाप दोघंही नाहीत, हे तुम्हाला चालत असेल तर माझं काही म्हणणं नाही."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं घातलेली ही पहिली अट. आवाज चढवला असता तर फोटोवाल्यांनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण ती शांतपणे बोलली, आणि तिथेच त्यांचं धाबं दणाणलं. त्या रात्री त्यांनी स्वतःही अल्बम पाहिले. दुनियेच्या लग्नांत मिरवलो आणि स्वतःच्या घरात अंगठ्यापुरते उरलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. गावात फोटोग्राफर काही कमी नव्हते, पण फोटोवाल्यांना एकही पसंत पडेना. एक माणसांचे पाय कापायचा. दुसरा सगळ्यांच्या माना अशा वाकड्या करायचा, की अख्ख्या कुटुंबाची मान एकाच उशीवर अवघडल्यासारखी वाटावी. तिसरा बरा होता, पण तो 'चीज' म्हणायला लावायचा, आणि त्या शब्दानं माणूस हसत नाही, नुसते दात दाखवतो, असं फोटोवाल्यांचं ठाम मत होतं. असे सहा जण बाद झाले.

राहता राहिला समोरचा.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानातला फोटोग्राफर. बावीस वर्षं दोघांची दुकानं एकमेकांकडे तोंड करून उभी होती आणि मालक एकमेकांकडे पाठ करून. फोटोवाले त्याला 'समोरचा' म्हणत आणि तोही यांना 'समोरचा'च म्हणे. त्याच्या काचेतला प्रत्येक नवा फोटो फोटोवाले शटर लावताना चोरून बघत. त्यात खोट सापडली की त्यांना त्या दिवशी जेवण जास्त जात असे. अलीकडे जेवण कमी झालं होतं.

शेवटी एका सकाळी त्यांनी रस्ता ओलांडला. सगळं ऐकून घेतल्यावर समोरच्यानं चष्मा पुसला आणि सांगितलं, की काढीन, आनंदानं काढीन, पण माझ्या कामात लुडबुड खपवून घेणार नाही. ऊन, खुर्च्या, कोण कुठे उभं राहणार, सगळं मी बघणार. तुम्ही चकार शब्द काढायचा नाही. फोटोवाल्यांनी कबूल केलं. घरी येऊन बायकोसमोरही कबूल केलं, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि सभागृहाबाहेरच्या रुंद पायऱ्यांवर दोन्ही घरची मिळून एकतीस माणसं गोळा झाली. चार वाजले होते. साडेचारला पलीकडच्या इमारतीची सावली पायऱ्यांवर चढणार होती. हे समोरच्याला ठाऊक होतं आणि फोटोवाल्यांनाही ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. पुढच्या ओळीत मधोमध लेक आणि जावई, त्यांच्या डाव्या हाताला खुर्च्यांवर बायको, फोटोवाले आणि विहीणबाई. व्याही विहीणबाईंच्या मागे उभे.

फोटोवाल्यांना पहिल्यांदा कळलं, की आपल्याला दोन हात आहेत आणि त्यांचं काय करायचं ते आपल्याला माहीत नाही. त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग त्यांची घडी घातली, मग खुर्चीखाली नेले. तेवढ्यात मामाची कॉलर उभी राहिलेली दिसली. ते उठणार, तोच समोरच्यानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते बसले.

स्टँडवरचा कॅमेरा वाजला. समोरच्यानं पडद्यावर पाहिलं, भुवया आकसल्या आणि आणखी एक काढला. मग आणखी एक. मग त्यानं फोटोवाल्यांना खुणेनं बोलावलं आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळवला.

तीस माणसं ठाकठीक होती. एकतिसावा माणूस डोळा मारत होता.

डावा डोळा गच्च मिटलेला, उजवा उघडा, आणि डाव्या हाताला विहीणबाई. फोटोवाल्यांना दरदरून घाम फुटला. तीस वर्षं ज्यानं उजवा डोळा कॅमेऱ्याला लावून डावा मिटला, त्याचा तो डोळा आता त्याचा राहिलाच नव्हता. कुठेही शटर दाबलं जाणार असं वाटलं, की तो आपला आपण मिटत होता.

"हेतुपुरस्सर नाही," ते पुटपुटले.

"मला सांगू नका," समोरचा म्हणाला. "व्याह्यांना सांगा."

कारण व्याही येऊन त्यांच्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी घसा खाकरला आणि ते जाऊन आपल्या बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

मग सुरू झाले उपाय. समोरचा म्हणाला, मी न सांगता काढतो. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण फोटोग्राफर शटर दाबण्याआधी श्वास रोखतो आणि ते फोटोवाल्यांइतकं कुणाला कळणार? समोरच्यानं श्वास रोखला, की डोळा मिटलाच. मामा म्हणाला, दोन्ही डोळे मिटून ठेवा आणि तीन म्हटल्यावर उघडा. तीन म्हटल्यावर एकच उघडला. नवरीचं तोंड रंगवायला आलेल्या बाईनं पापणीला पारदर्शक चिकटपट्टी लावून दिली. त्या फोटोत फोटोवाले असे दिसले, की नुकतीच त्यांच्या घरी चोरी झाली आहे आणि चोर अजून समोर उभा आहे. जागा बदलून पाहिली, विहीणबाईंना पलीकडे नेलं. आता डोळा मामीला मारला जाऊ लागला. मामी लाजली, ते वेगळंच.

हे सगळं होईपर्यंत साडेचार वाजत आले. आतून जेवणाचा वास यायला लागला तशी मागच्या ओळीची चुळबुळ वाढली. सावली सर्वांत खालच्या पायरीला लागली. लेक मान वळवून म्हणाली, "बाबा, राहू दे, डोळ्यासकट छान दिसताय," पण तिचाही चेहरा पडला होता.

तेव्हा बायको खुर्चीवरून उठली.

"राहू द्या," ती म्हणाली. "नाही जमत, तर नाही जमत. तुम्ही जा कॅमेऱ्याकडे. मी आत जाऊन जेवणाचं बघते."

ती रागावली असती तरी चाललं असतं. ती थकली होती. इतक्या वर्षांची शेजारची रिकामी जागा ती आजही रिकामीच धरून चालली होती. फोटोवाल्यांनी तिचं मनगट धरलं, पण डोळा काही ऐकत नव्हता.

"वहिनी, दोन मिनिटं बसा," समोरचा म्हणाला. "मोठा फोटो काही आज होत नाही, तो विषय सोडा. सगळे जमलेच आहात, तर आठवण म्हणून हातातल्या कॅमेऱ्यानं एखाददुसरा साधा काढतो. मग जेवायला मोकळे."

त्यानं स्टँडवरचा कॅमेरा तसाच सोडला, पिशवीतून दुसरा काढला आणि स्टँडला खेटून उभा राहिला. बायको बसली. एकतीस माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. समोरच्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि या दादा, जरा आत सरका, ताई, तुम्ही दिसत नाही, असं सुरू केलं.

आणि फोटोवाल्यांना दिसलं, की लेन्सवर झाकण आहे.

आधी त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी नीट पाहिलं. झाकण होतं. काळंभोर, गोल, चांगलं बसवलेलं. आणि हा शहाणा त्या झाकणातून एकतीस माणसांना डावं-उजवं करत होता! बावीस वर्षं फोटोवाल्यांनी या माणसाची एक, फक्त एक ढळढळीत चूक व्हावी म्हणून वाट पाहिली होती. ती आज झाली. आपल्या लेकीच्या लग्नात, दोन्ही घरच्या माणसांसमोर, दिवसाढवळ्या झाली. बरं, बोलायचं नाही असा शब्द दिलेला. त्यामुळे तो आनंद तोंडातून बाहेर पडेना, तो सगळाच्या सगळा चेहऱ्यावर पसरला. ओठ कानांपर्यंत गेले. गाल वर चढले. आपण कुठे बसलोय, का बसलोय, डोळ्याचं काय, सगळं ते विसरले. असं सुख एकट्यानं कसं सोसायचं? त्यांनी बायकोचा हात दाबला आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "झाकण बघ, झाकण."

बायकोनं वळून पाहिलं.

"झाला," समोरचा म्हणाला.

"काय झाला?" आता मात्र फोटोवाल्यांना राहवेना. त्यांनी उठून उभं राहून सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की अहो, आधी ते झाकण काढा आणि मग झाला म्हणा.

समोरच्यानं शांतपणे झाकणावर टिचकी मारली आणि दुसरा हात खिशातून बाहेर काढला. हातात बोटभर लांबीचं एक बिनतारी बटण होतं. त्यानं स्टँडवरचा मोठा कॅमेरा वळवून पडदा सगळ्यांकडे केला. कॅमेऱ्याचा आवाज त्यानं मघाशीच बंद करून ठेवला होता.

एकतीस माणसं त्या पडद्यावर तुटून पडली. ऊन पुरेपूर होतं, सावली पायऱ्यांच्या तळाशी थबकली होती, आणि पुढच्या ओळीत फोटोवाले बसले होते. दोन्ही डोळे टक्क उघडे, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की नवरदेवाच्याही चेहऱ्यावर नव्हता. लेक टाळ्या वाजवायला लागली, मामानं शिट्टी मारली, व्याह्यांनी समोरच्याची पाठ थोपटली आणि लगोलग फोटोवाल्यांनाही मिठी मारून टाकली. विहीणबाईंनी जाहीर केलं, की लेकीच्या लग्नात इतका सुखावलेला बाप त्यांनी आजवर पाहिला नाही. फोटोवाल्यांनी तो गैरसमज तसाच राहू दिला.

गर्दी जेवायला गेल्यावर बायको तेवढी पडद्यापाशी थांबली.

"माझ्यामुळे बिघडला," ती म्हणाली. "सगळे समोर बघताहेत आणि मी बघा कुठे बघतेय."

ती फोटोवाल्यांकडे बघत होती. मान पूर्ण वळलेली, नाकाची एकच बाजू दिसतेय, केसांची बट गालावर आलेली. एरवी कुणाच्या लग्नात असा फोटो निघाला असता तर फोटोवाल्यांनी तो तिथल्या तिथे पुसून सगळ्यांना पुन्हा उभं केलं असतं. पण त्या अर्ध्या चेहऱ्यावरचं हसू त्यांनी कॅमेऱ्यातून कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? ते त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय दिसणारं हसू होतं. समोरचा विचारत होता, की अजून पाच मिनिटं ऊन आहे, दुसरा घ्यायचा का?

"हाच," फोटोवाले म्हणाले. "याला हात लावाल तर बघा."

आठ दिवसांनी फोटो मोठा होऊन, चौकटीत बसून आला. फोटोवाल्यांनी आपल्या दुकानाच्या काचेतली मधली जागा रिकामी केली, स्टुलावर चढून खिळा ठोकला आणि चौकट टांगली. पलीकडच्या दारातून समोरचा बराच वेळ न्याहाळत उभा होता. मग त्यानं ओरडून सांगितलं, की अर्धा इंच डावीकडे घ्या. फोटोवाले खाली उतरले, रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन बघून आले. त्याचं बरोबर होतं. त्यांनी अर्धा इंच डावीकडे घेतला.

बायको डबा घेऊन आली ती काचेसमोर थबकलीच.

"अहो, तुमच्या दुकानात समोरच्याचं काम? लोक काय म्हणतील?"

"काम त्याचं असेल," फोटोवाले स्टुलावरून छाती पुढे काढून म्हणाले. "बायको माझी आहे. आणि शेजारी नीट बघ, तुझा नवराही आहे."

ती बघतच होती. आत दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण फोटोवाल्यांनी त्यांना खुशाल खोळंबू दिलं आणि स्टुलावरून उतरून ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.