डॉक्टर नेरेकरांचा खरा परिचय

डॉक्टर मोझेस नेरेकर पेशंटला हात लावण्याआधी आपण कुठे कुठे नापास झालो ते त्याला सांगत.

पेशंटचं नाव, गाव, दुखणं सांगून झालं की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत. "तुमचं झालं, आता माझं ऐका. बापाचा नेऱ्याला तेलाचा घाणा. मी मॅट्रिकला गणितात नापास. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीत नापास. मग लढाईत गेलो, आसामकडच्या लष्करी इस्पितळात एक्स-रेचं यंत्र सांभाळलं. यंत्र एक, डास अगणित. परत येऊन मुंबईला कॅन्सरवरचे किरणांचे उपचार शिकलो. तिथेही पहिल्या खेपेला नापास. किरण अंगात किती खोल जातो, त्याचं गणित चुकलं. आता चुकत नाही. बोला, माझ्याकडून हा किरणांचा शेक घ्यायचा?"

मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, पेशंट घाबरून पळून जायचा."

"मास्तर, मुलगी द्यायची तर आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. इथे माणूस स्वतःचं अंग देतोय. त्याने चौकशी करायची कुणाकडे?"

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मी हायस्कुलात मराठी शिकवत असे, डॉक्टरांच्या शेजारी राहत असे आणि त्यांच्या दवाखान्याचा बिनपगारी चिटणीस होतो. तो दवाखाना म्हणजे आम्हा पनवेलकरांचा मानबिंदू. मुंबईबाहेर किरणांचं यंत्र म्हणजे त्या काळी काय अप्रूप होतं, ते आता सांगून पटणार नाही. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ते आणलं होतं. पेण, कर्जत, खोपोलीचे लोक एसटीने शेक घ्यायला येत, आणि स्टँडवरचा हमालसुद्धा त्यांना "आमच्या डॉक्टरकडं ना?" असं विचारून वाट दाखवी.

आठवड्यातून दोनदा मुंबईहून डॉक्टर लीला प्रधान येत. त्या सुवर्णपदकवाल्या. नेरेकर त्यांचीही माहिती पेशंटला स्वतःच देत. "या बाई हुशार आहेत. फक्त नापास व्हायचा अनुभव नाही, तेवढं सांभाळून घ्या." बाई लाल होत, पण हसत.

आता माझ्याविषयी. गावात कुठलाही समारंभ असला की पाहुण्यांचा परिचय मी करून द्यायचा, असा रिवाजच होता. माझ्याकडे विशेषणांचा साठा मोठा आणि ती वापरण्याची घाई त्याहून मोठी. बँकेच्या इन्स्पेक्टरला मी तपस्वी म्हटलेलं आहे. एका हेडमास्तरांच्या निरोप समारंभात मी असा काही रंगलो, की त्यांच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांना पदर लावला आणि हेडमास्तर आपली नाडी चाचपू लागले.

दवाखान्याचा वर्धापनदिन आला. पटांगणात मांडव, लाउडस्पीकर, पुढे व्यापारी, मागे पेशंट. परिचय माझ्याकडे. माणूस नापासांची यादी घेऊन व्यासपीठावर बसलेला मला बघवेना. गावाची अब्रू होती. मी म्हणालो, "विद्यार्थिदशेत ज्यांनी दुसरा क्रमांक कधी पाहिला नाही, विलायतेच्या विद्यापीठांनी ज्यांच्या बुद्धीपुढे मान लवविली, असे हे किरणमहर्षी..."

डॉक्टर ताडकन उठले. माइक ओढून म्हणाले, "मी विलायतेला गेलेलो नाही. मी तीनदा नापास झालोय."

सगळा मांडव हसला आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. मी माइक परत घेऊन म्हणालो, "पाहिलात, मंडळी? याला म्हणतात विनय." टाळ्या दुप्पट झाल्या.

मागच्या रांगेत एक बाई तेवढी हसली नाही. उरणची हिराबाई. मासळी विकणारी. गालात आतून गाठ झालेली, मिश्री लावून लावून. पनवेलच्या कोळीवाड्यात बहिणीकडे राहून ती रोज शेक घ्यायला येत होती. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की यात खाडा चालत नाही. मध्ये थांबलं की गाठ पुन्हा डोकं वर काढते.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बहीण म्हणाली, "ती गेली उरनला. इचारलं तर बोलं, डॉक्टर खोटा हाय."

डॉक्टर माझ्या दारात येऊन उभे राहिले. "मास्तर, चपला घाला."

आम्ही उरणची एसटी धरली. उरणला हिराबाई अंगणात बोंबील उलटेपालटे करीत बसली होती. आम्हाला बघूनही तिचा हात थांबला नाही.

"हिराबाई, शेक अर्धा राहिलाय," डॉक्टर म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. तू माज्याशी खोटं बोललास. बोललास नापास झालो. नि तितं भोंग्यावर सांगतात, पयला नंबर, विलायत."

"पहिला नंबर असता तर चांगलंच की," मी मध्ये तोंड घातलं.

"तुला काय कलतंय? नापास झालेला मानूस दोनदा बगून हात घालतो. म्हनून मी याच्या यंत्राखाली निजले. आता तूच सांग, खोटा कोन, तू का हा?"

"मी," मी म्हणालो.

"मंग तितं भोंग्यावर बोललास, हितं पन मोठ्यानं बोल. सगल्या आलीला आयकू जाऊ दे."

आळीतल्या बाया तोवर जमल्याच होत्या. मी ओट्यावर चढलो आणि डॉक्टर मोझेस नेरेकर यांचा परिचय करून दिला. मॅट्रिक, गणित, नापास. पॅथॉलॉजी, नापास. सवयीने एकदा 'महर्षी' तोंडात आलं, ते गिळलं. श्रोते फार चिकित्सक निघाले.

"गनितात नापास, मंग यंत्राचा हिशोब कोन करतंय?"

"तेच करतात. दोनदा."

"बायको?"

"लग्न केलेलं नाही."

"का, तितं पन नापास?" आळी खिदळली. डॉक्टरही हसले.

"घरी कोन हाय त्याच्या?" हिराबाईने विचारलं.

हे डॉक्टर कधी सांगत नसत, पण शेजारी म्हणून मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "यांची माणसं बेने इस्रायली, आपल्या कोकणातले ज्यू. थोरले बंधू इस्रायलला गेले, आईलाही घेऊन गेले. आई तिकडे सुखरूप आहे."

डॉक्टर बोंबलांकडे बघत राहिले. माझी प्रत्येक चूक जागच्या जागी सुधारणारा हा माणूस, त्या दिवशी गप्प बसला.

हिराबाई उठली, हात धुतले, एक लुगडं गाठोड्यात बांधलं. "चल. माजं पुरं कर, नि आयेला भेटून ये. म्हातारी वाट बगत आसंल."

तिने उरलेला शेक एकही खाडा न करता पुरा केला. प्रधान बाईंनी तपासलं, नेरेकरांनी तपासलं, मग नेरेकरांनी पुन्हा तपासलं. गाठ गेली होती. गाल आतून गुलाबी दिसत होता. मला इतका अभिमान वाटला, की जणू किरण मीच सोडले होते. परिचयाची चार वाक्यं ओठावर आली होती, पण कुणी विचारलं नाही.

हिराबाई गाठोडं उचलून म्हणाली, "झालं ना माजं? मंग आता जा आयेकडं."

डॉक्टर चष्मा पुसत होते. "आई नाही, हिराबाई. तुमचा शेक सुरू झाला त्याच आठवड्यात कळलं."

मी भिंतीला टेकलो. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि मला पत्ता नव्हता. उरणच्या ओट्यावरून मी ज्या म्हातारीला सुखरूप ठेवलं होतं, ती तेव्हा नव्हतीच.

"तवाच का नाय बोललास?" हिराबाईने विचारलं.

"आमच्यात माणूस गेलं की घरचे सात दिवस जमिनीवर बसतात. घराबाहेर पडत नाहीत. तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही मला बसवलं असतं. आणि तुमचा खाडा झाला असता."

बाहेर उरणची एसटी लागायची वेळ झाली होती. हिराबाईने गाठोडं खाली ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि यंत्राच्या खोलीतल्या फरशीवर मांडी घालून बसली.

"बस," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी पांढरा कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि ते तिच्या समोर जमिनीवर बसले. मीही बसलो. प्रधान बाईंनी दार लोटून घेतलं आणि त्याही येऊन बसल्या.

"कशी व्हती रं तुजी आये?" हिराबाईने विचारलं.