साउली मोजणारे भाऊजी

पाहुणा घरी आला की आधी पाय धुतो, मग पाणी पितो. आमचे मुरलीभाऊजी आधी छतावर चढतात. खिशातून खडू काढतात आणि स्लॅबवर पडलेल्या सावलीची कड आखून ठेवतात. नऊला एक रेघ, बाराला दुसरी, तीनला तिसरी. भंडाऱ्यातल्या एका बाईंनी तर घाबरून नवऱ्याला फोन केला होता, "तुमचे सोलरवाले वर रांगोळी काढून राहिले."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान. ताई जाऊन चार वर्षं झाली. पूर्वी ते धानाच्या शेतातल्या मोटरींचं वाइंडिंग करायचे. मग कुठेतरी सौर पंप पाहिला आणि चालतं दुकान पुतण्याला देऊन टाकलं. पहिलं पॅनल लावलं ते थेट पूर्वेकडे तोंड करून. सकाळी पंप धो धो चालला, दुपारी गप्प. दुसऱ्या कोणी ही गोष्ट पोटात ठेवली असती. भाऊजी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हीच सांगतात. "सूर्याचं तोंड पाह्यलं मी, चाल नाही पाह्यली."

आज वरठीपर्यंत कितीतरी छतांवर त्यांचं काम चमकतं. कोणाचा पंप बंद पडला, तर भाऊजी भरल्या ताटावरून उठून जातात. मी घरातला फ्यूज बदलायलाही बायकोला हाक मारतो, तेव्हा त्यांच्याबद्दल जास्त न बोललेलं बरं.

सावलीशी मात्र त्यांचं वैर. तिला ते ऊन चोरणारी 'चोट्टी' म्हणतात. "पानाएवढी चोट्टी पॅनलवर बसली, का अख्खी लाइन झोपते." एका सरपंचाला त्यांनी नवी कोरी पाण्याची टाकी हलवायला लावली होती.

फक्त भंडाऱ्याजवळच्या शहापुरातल्या आमच्या घराचं जमेना. अंगणात निंब आहे, त्याची सावली दुपारनंतर स्लॅबवर येते. मी म्हटलं, पाडून टाकू. भाऊजी म्हणाले, "घाई कायले? साउली सालभर मोजा लागते." दर बुधवारी येऊन मोजू लागले. मी भंडाऱ्याला ऑफिसात, बायको तिच्या शाळेत, घरी एकटे बाबा. साल संपलं. "यंदा अधिक महिना होता ना बाबू, मोजणी चुकली." दुसरं साल सुरू झालं. शेजारी खवचटपणे विचारू लागले, "जवाई सोलरवाला, आन् तुमचंच छत उघडं काहून?"

शेवटी एका बुधवारी मी गुपचूप अर्धी रजा टाकली. वरठीहून झाड तोडणारा घेतला, त्याला गाडीवर मागे बसवलं आणि दुपारी घरी आलो. फाटकाशी आलो तर भाऊजी छतावर नव्हतेच. निंबाखालच्या बाजेवर बाबांच्या शेजारी बसले होते. दोघांचं भांडण चाललं होतं.

"शोभी वांग्यात सुके झिंगे टाकत होती," बाबा म्हणाले.

"तुमच्या घरी टाकत असन, मामाजी. माह्या घरी बावीस वर्सं नाही टाकले."

"तुम्हाले आवडत नसन."

भाऊजींनी बाजेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"आवडते ना. मीच कधी सांगतलो नाही तिले."

माझ्या मागून तोडणाऱ्यानं विचारलं, "भाऊ, झाड कोन्तं?"

तेव्हा भाऊजींनी आमच्याकडे पाहिलं. त्याच्या हातातली कुऱ्हाड त्यांना दिसली. ते उठून उभे राहिले ते निंबाच्या खोडाकडेच पाहत.

"बाबू," ते हळूच म्हणाले, "आखीन एक साल मोजू ना."

मी तोडणाऱ्याला म्हटलं, चल, चहा पिऊ, मग तुला वरठीला सोडतो. भाऊजींना म्हटलं, "मोजा."

बाबांना यातलं काही ऐकू गेलं नसावं. त्यांनी बाजेवर हात आपटला.

"बसा ना, जवाईबापू. उभे काहून राहिले? तिची झिंग्याची गोष्ट आता कुठं सुरू झाली."