कामूनबंदी

समस्त सज्जनांस कळविण्यात येते की, चिटगुप्प्याच्या आमच्या गल्लीत 'कामून' हा शब्द उच्चारण्यास सक्त मनाई आहे. आमच्याकडे 'का'ला 'कामून' म्हणतात. ज्यांना त्याशिवाय राहवत नसेल, त्यांनी शेजारच्या गल्लीत जाऊन पोटभर म्हणून यावं.

बंदी सरकारी नाही. ती माझ्या थोरल्या बहिणीनं, नीलाक्कानं घातली आहे आणि ती एका माणसासाठी आहे. बेंजामिन सोगावकर. आमचे बेंजामिनअण्णा.

अण्णा मूळचे कोकणातले, बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. तरुणपणी साखर कारखान्यात फोरमन म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. तालुक्यात यहुद्यांचं घर ते एकच. त्यामुळे त्यांचं काहीही पाहिलं की कुणीतरी विचारायचंच. विचारलं की अण्णा खुर्ची ओढून घेत, घसा खाकरत आणि सुरू करत, "तर मग ऐका. आम्ही मिसरात गुलाम होतो."

शनिवारी गाडी का काढत नाही? आम्ही मिसरात गुलाम होतो. दाराच्या चौकटीला ही तिरपी डबी कसली? आम्ही मिसरात गुलाम होतो. त्यांच्या प्रत्येक उत्तराचा रस्ता मिसरमार्गेच, म्हणजे इजिप्तवरूनच, जायचा आणि मंडळी तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत ऐकणाऱ्याच्या घरचं दूध उतू गेलेलं असायचं.

नीलाक्का एकदा राजेश्वर गावाला लग्नासाठी निघाली होती. जाता जाता तिनं त्या डबीचं विचारलं. एक बस गेली. दुसरी गेली. अक्का पोचली तेव्हा मांडववाले खांब उपटत होते. परत आल्यावर तिनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून जाहीर केलं, "ह्या माणसाला आजपासून कुणी कामून म्हणायचं न्हाई."

बंदी मोडावी म्हणून अण्णांनी काय केलं नाही? भर उन्हाळ्यात रेनकोट घालून भाजी आणली. एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून माझ्या भांड्यांच्या दुकानासमोरून चार फेऱ्या मारल्या. एकदा अर्धीच मिशी उतरवून घेतली. न्हावी आमच्याच गल्लीतला, त्यानं शब्द न बोलता अर्धीच उतरवली आणि आरसा दाखवला.

"विचारा की," अण्णा काकुळतीला यायचे.

"बरं दिसायलंय," आम्ही म्हणायचो.

त्यांच्या बायकोला, रिबेकाबाईंना, या सगळ्याचं हसू यायचं. अक्काबरोबर तूर निवडता निवडता त्या एकदा म्हणाल्या होत्या, "मीसुद्धा वर्षभर ह्यांना काही विचारत नाही हो अक्का. पेसाहच्या संध्याकाळी तेवढं विचारते. तेवढ्यावर वर्ष काढतात."

पेसाह म्हणजे मिसरातून सुटका झाल्याचा सण. नव्या वर्षाला दोघं ठाण्याला जायची, प्रार्थनालयात, आपल्या माणसांत. पेसाह मात्र इथंच व्हायचा, कारण ऐन गळीत हंगामात फोरमनला कोण सोडणार? कारखाना सुटला, सवय राहिली. मुलगा आणि नातवंडं इस्राएलला. सणाच्या दिवशी अण्णा फोनला हात लावत नाहीत, मुलगाही लावत नाही. तेव्हा त्या संध्याकाळी दोनच ताटं असायची.

मागच्या पावसाळ्यात रिबेकाबाई गेल्या.

त्यानंतर रेनकोट दिसला नाही. पायांत दोन्ही चपला, तोंडावर अख्खी मिशी. गल्लीला करमेना. अक्का दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन, डबीकडे बघून परत आली.

चैत्रात अण्णा दुकानात आले. पेसाहची भांडी वेगळी असतात, त्यांना एरवीच्या भांड्यांचा स्पर्श चालत नाही. ती ट्रंकेत असतात आणि त्यांत दरवर्षी एखादी नवी वाटी जायची, हे मला ठाऊक होतं. या वेळी म्हणाले, "चार ताटं द्या."

कामून, असं जिभेवर आलं होतं. सवयीनं गिळलं.

"तुम्ही, वहिनी आणि अक्का," अण्णा म्हणाले. "सोमवारी यायचं."

गेलो. जमिनीवर पांढरी चादर, प्रत्येकाच्या डाव्या हाताला तक्क्या. मधल्या मोठ्या ताटात बिनखमिराच्या पातळ भाकरी, कडू पाला, खजुराचा शिरा. पेल्यांत काळ्या मनुकांचं सरबत.

"इथं भाजलेलं हाडूक ठेवतात," अण्णा अक्काला म्हणाले, "पण तुम्ही लिंगायत माणसं. म्हणून बीट भाजलंय. त्याला शास्त्रात आधार आहे."

अक्कानं बिटाकडे बघून मान डोलावली. तिचा सोमवारचा उपास होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"आज सगळं वेडंवाकडंच करायचं असतं," अण्णा सांगू लागले. "ते बघून घरातल्या सगळ्यात लहानानं विचारायचं, आजची रात्र निराळी का? मगच मिसरची गोष्ट सुरू करता येते. लहान नसेल तर बायकोनं. बायको नसेल तर माणसानं आपलं आपणच विचारायचं."

मग त्यांनी प्रार्थना म्हटली. सरबत घेतलं. पाल्याची काडी मिठाच्या पाण्यात बुडवून आम्हाला दिली. भाकर मोडली आणि तिचा मोठा तुकडा रुमालात गुंडाळून ठेवून दिला. शेवटी त्यांनी मधलं ताट दोन्ही हातांनी उचललं, बाजूला नेऊन ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं.

आमच्यात सगळ्यात लहान माझी बायको. तिचेही गुडघे दुखतात. ती चादरीची घडी सरळ करू लागली. मी तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांची बंदी, जीभ वळेना.

अण्णांनी पोथी उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं.

"आजची रात्र," ते म्हणाले आणि थांबले. चष्मा पुसला. "आजची रात्र..."

पुढचा शब्द काही येईना. बोट तिथंच होतं.

आणि अक्का बोलली. भुकेनं बोलली की जाणून, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि आमच्या गल्लीत विचारायची सोय नाही.

"अवो अण्णा, अजून कुणी घास खाल्ला न्हाई, अन् तुमी ताट कामून उचलायलाव?"