जतन जाहले त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. जो हरपले ते दावितो आणि बिघडले ते सावरितो, त्यास आधी दंडवत घालून, शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, माघमासी जे वर्तले ते जैसे जाहले तैसे सांगतो. श्रोती सावध असावे, आणि ज्यांचे घरी संगणक असेल त्यांनी विशेष सावध असावे.

संगणकांच्या मुलखात एक मुक्त राज्य आहे, म्हणजे सर्वांनी मिळून रचिलेली, फुकट मिळणारी संगणकप्रणाली. त्यास धनी नाही, वेशीस कुलूप नाही. ज्यास जे येते ते त्याने रांधावे आणि सर्वांनी जेवावे, ऐसी तेथील रीत. त्या राज्यात राजश्री मोरेश्वरपंत घैसास, भूगोलाचे निवृत्त मास्तर, वस्तीस आले. कारण की जुन्या राज्याने फर्मान काढिले, तुमचा संगणक वृद्ध जाहला, टाकून द्यावा. तेव्हा पंत खवळून बोलिले, "माझ्या यंत्राला म्हातारं म्हणणारे हे कोण? उद्या मलाही टाकायला सांगतील!" आणि चंबूगबाळे आवरून इकडे आले, आणि त्यांचे बरे चालले होते. मग पंतांचे कुटुंब कुमुदिनीबाई यांस छातीचे दुखणे जडले. कन्या वृंदाताई त्या समयी गर्भवती, आणि बाईंनी मनी ओळखिले की बारशापर्यंत आपला मुक्काम नाही. म्हणोन त्यांनी स्वतः एक पाळणा रचिला आणि पंतांस आज्ञा केली, "मोबाईल धरा समोर. बारशाला मी नसले तरी पाळणा माझाच व्हायला हवा." आणि शेगडीवर कढी ठेविली असता, ओट्यास टेकून, बाई गायिल्या. मग मार्गशीर्षात बाई कैलासवासी जाहल्या, आणि माघात वृंदाताईंस कन्या जाहली, आणि बारसे नेमिले.

मग पंतांनी तो व्हिडिओ मोबाईलवरून संगणकात आणिला आणि उघडिला, तो चित्र दिसे परंतु स्वर उमटेना. बाईंचे ओठ हालत, हात पदरास जाई, आणि आवाज कांहीच नाही. पंतांस वाटले, बाई मागुती गेल्या. त्यांनी पडद्यास हात लाविला आणि रडले. मग शोध करिता कळले की, त्या राज्यात परक्यांच्या सनदांचे, म्हणजे पेटंटांचे, भय असल्याने फायलीतला स्वर उलगडून देणारे कांही दुभाषे पदरी ठेवीत नाहीत. ज्यास स्वर पाहिजे त्याने आपला दुभाष्या आपण हुकूम लिहून आणावा. पंतांनी चष्मा पुसून हुकूम लिहिला, तो चुकला, पुन्हा लिहिला, आणि दुभाष्या हजर जाहला, आणि मग अकस्मात घरात बाईंचा आवाज आला, "निज गं पाखरा, आजी आहे उशाशी." पंतांनी एकवार पाळणा आदिअंत ऐकिला, आणि पुढे ऐकवेना.

आता पाळण्यात खोड इतकीच की आरंभीच्या ओळीनंतर बाईंस मोठा खोकला आला, आणि शेवटल्या ओळीआधी त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "अहो, ते राहू दे, गॅस बारीक करा, कढी उतू जातेय!" पंतांच्या मनी आले, चारचौघांत तो खोकला ऐकू येऊ नये, बाईंस ते खपले नसते. म्हणोन संगणकातले व्हिडिओच्या कातरकामाचे दालन उघडून बैसले. खोकल्याची जागा पुढे नेऊन ऐकावी, मागे आणून ऐकावी, तिळभर कापावे, पुन्हा ऐकावे, आणि कढीचेही तैसेच. मधले कडवे निर्दोष, त्यास कात्री लावणे नव्हते, म्हणोन ते फिरोन ऐकिलेच नाही. काम सरले तेव्हा पंतांनी "जतन करा" ही कळ दाबिली, आणि राज्याने उत्तर दिले, "जतन झाले." पंत मराठीचे अभिमानी, शब्दावर विश्वास ठेवणारे, त्यांस जतन म्हणजे जिवापाड सांभाळणे इतकेच ठाऊक. मग खोकला कोणाच्या कानी पडू नये म्हणोन मूळ व्हिडिओ पुसला, मोबाईलवरचाही पुसला, आणि कचरापेटी रिकामी केली.

परंतु त्या दालनात जतन म्हणजे कोठे कापिले याच्या खुणा राखणे, आणि चित्रफीत सिद्ध करावयाची आज्ञा निराळी. बारशाचे सकाळी वृंदाताईंनी उघडून पाहिले आणि बोलिल्या, "बाबा, मूळ फाईल कुठंय?"

"जतन केलंय ना! त्यानंच सांगितलं मला."

"अहो बाबा, हा नुसता आराखडा आहे. आत आई नाहीये."

मग राज्यातील जाणत्यांस हाका मारिल्या, आणि दूरदूरचे अनोळखी लोक मदतीस धावले, आणि नाना उपाय सांगितले. परंतु पुसल्या जागी दुसरेच कांही लिहिले गेले होते. पडद्यावर राहिली ती बाईंच्या आवाजाची चढउताराची रेघ मात्र, डोंगराच्या नकाशासारखी, मुकी.

दोन प्रहरी मंडळी जमली, बाळीस पाळण्यात घातले, शर्वाणी नाव ठेविले, आणि सर्व पंतांकडे पाहू लागले. पंतांस गळा नाही हे त्रिभुवनास ठाऊक. तरी ते रेघेवर बोट ठेवून उभे राहिले आणि बेसूर आवाजात गायिले, "निज गं पाखरा, आजी आहे उशाशी." मग कापिल्या जागी बोट आले आणि पंत खोकले, जैसे बाई खोकत तैसे, ढास लागून दम घेत. पुढे मधल्या कडव्याची सलग रेघ आली. बोट फिरले, ओठ हालले, शब्द आला नाही. पंतांनी पुन्हा आरंभापासून धरिले, पुन्हा तेथेच अडले. वृंदाताई बोलिल्या, "राहू दे बाबा." तेव्हा पंत म्हणाले, "अहो, ते राहू दे, गॅस बारीक करा, कढी उतू जातेय!" आणि तो आवाज हुबेहूब बाईंचा, इतका की मंडळी हसली, आणि वृंदाताई पाळण्याची दोरी धरून हुंदके देऊ लागल्या.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. राज्याचा दोष नाही, पंतांचा म्हणवत नाही. जे कापून टाकिले तेवढेच घोकून पाठ जाहले होते, म्हणोन तेवढेच राहिले. हल्ली चिरंजीव शर्वाणी रडू लागली की पंत तिला खांद्यावर घेऊन कढी उतू जातेय म्हणतात, आणि ती निजते. मधले कडवे कोणास ठाऊक नाही. इति.